नभगढचं तळं तुंबलं

रविवारी सकाळी टीव्हीवर नभगढ लागलं की बसवनगुडीतले बिंदुमाधवराव खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढायचे की कस्तुरीबाईंना वाटायचं, आज हा माणूस आत जाऊनच बसणार.

नभगढ म्हणजे कार्टून. कुठल्याशा परदेशात काढलेलं आणि इकडं आणून हिंदीत बोलायला लावलेलं. त्यात एक राजपुत्र होता. तो उडणाऱ्या सुसरीवर बसून एका चेटकिणीच्या मागे लागलेला असायचा. चेटकीण कधी सापडायची नाही, राजपुत्र कधी दमायचा नाही आणि सुसर कधी काही खायची नाही. गल्लीतली पोरं सुसरीवर जीव टाकायची. बिंदुमाधवरावांचं सुसरीशी काही देणंघेणं नव्हतं. ती मध्ये आली की ते मान वाकडी करून तिच्या मागे बघायचे. मागे शहर असायचं.

हे शहर एका उभ्या सुळक्याच्या माथ्यावर वसलेलं. घरावर घर, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, चौकाचौकात कारंजी. अगदी वरच्या टोकाला एक तळं आणि तळ्याकाठी मनोऱ्यात टांगलेली भलीमोठी घंटा. खाली बघावं तर नुसते ढग. नदी नाही, ओढा नाही, विहीरसुद्धा नाही.

"पाणी कुठनं येतं, म्हणतो मी," बिंदुमाधवराव दर रविवारी म्हणायचे.

"कुठलं पाणी?"

"नभगढचं की."

"तिथलं राहू दे. आपल्या संपात आलंय का, ते स्वल्प बघून या," कस्तुरीबाई म्हणायच्या.

संप म्हणजे अंगणाखालची टाकी. बंगळुरात तिला सगळे संपच म्हणतात, आणि त्या काळी नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही लहर लागली तर. ते आधी संपात पडायचं, मग मोटर लावून गच्चीवर चढवायचं. म्हणजे पाणी आपण होऊन वर जात नाही, ही गोष्ट बिंदुमाधवरावांना पुस्तकातून कळलेली नव्हती, तर मोटर जळल्यावर बादल्या उचलून कळलेली होती. म्हणूनच नभगढच्या तळ्याने त्यांचा एवढा पिच्छा पुरवला असावा.

त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडं आलं, असं घरात सांगायचे. मूळपुरुष तलवार घेऊन आला की पळीपंचपात्र घेऊन, यावर मात्र घरातच दोन तट होते. काहीही असो, आल्यापासून मंडळी परत गेली नाहीत. मराठी घरात टिकली. बरणीतली लोणच्याची फोड टिकते तशी. टिकली, पण कानडीच्या खारात चांगली मुरली. बिंदुमाधवराव एका विमा कंपनीत नोकरीला होते. लोक हयात आहेत की नाहीत, याची खातरजमा करणं हे त्यांचं काम. तिथं त्यांचं मत कुणी विचारायचं नाही, कारण माणूस जिवंत असण्यावर मत काय असणार? घरात मत असायचं ते कस्तुरीबाईंना. राहता राहिलं मंडळ.

गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका छापखान्याच्या माडीवर मराठी मंडळाची दोन दालनं होती. मंडळात जुने आणि नवे असे दोन प्रकार. जुने म्हणजे बिंदुमाधवरावांसारखे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नवे म्हणजे पुण्यामुंबईहून, नागपूरहून काँप्युटरच्या नोकरीसाठी नुकते उतरलेले. नाटक, गाणी, निवेदन नव्यांकडे. सतरंज्या, मसालेभात आणि चपलांची राखण जुन्यांकडे. असा काही नियम नव्हता, पण माइकवर गेलं की जुन्यांचं मराठी उघडं पडायचं. एका कोजागिरीला बिंदुमाधवरावांना आभार मानायला उभं केलं होतं. त्यांनी हात जोडून सांगितलं, "सगळ्यांनी ऊट करूनच जावा." ऊट म्हणजे कानडीत जेवण, त्यांच्या घरातही जेवणच. नव्यांना मात्र "उठून जावा" असं ऐकू आलं आणि मागच्या दोन रांगा खरोखर उठल्या. तेव्हापासून माइक त्यांच्या हाती पुन्हा आला नव्हता. कुठलाही कार्यक्रम संपला की माइकची वायर मात्र तेच गुंडाळायचे, आणि जरा हळूहळू गुंडाळायचे.

अशाच एका रविवारी ते सतरंज्या गोळा करत असताना कोपऱ्यात दोन नव्यांचं वाजलं होतं. एक श्रीरंग, पुण्याचा; मारतहळ्ळीला खोली घेऊन राहायचा आणि मराठी ऐकायला म्हणून दोन बस बदलून यायचा. दुसरी सुचेता, नागपूरची, त्याच्याच कंपनीतली. भांडण नभगढवरून चाललं होतं. तिथल्या लांबच लांब पुलाला खांब कसे नाहीत, यावरून.

बिंदुमाधवरावांना आधी आपण चुकून दुसरंच काही ऐकतोय असं वाटलं. मग सतरंजी तशीच अर्धी गुंडाळलेली सोडून ते पुढे झाले. "पूल राहू दे हो. पाणी वर कसं चढतं, ते सांगा की."

दोघं वळून बघायला लागले.

"तळं आहे ना वर? तिथनं कारंजी, कारंज्यातनं बागा, बागेतनं खाली. उतरायचं सगळं सरी आहे, बरोबर आहे. पण तळ्यात घालतं कोण? आणि ती घंटा. ती राजासाठी नाही वाजत. बघा तुम्ही, घंटा वाजली की पाठोपाठ कारंजी उडतात. मी सांगतो, वरचं तळं तुंबलं की घंटा वाजते."

श्रीरंग ताडकन उभा राहिला. "करेक्ट! तुंबलं की घंटा! म्हणजे अलार्म आहे तो! काका, अहो, काय बोललात तुम्ही!"

"शाळा सुटल्याची घंटा असेल ती," सुचेता म्हणाली. "काय बोलून राहिले तुम्ही दोघं!"

पण श्रीरंगने काकांचा हात धरला होता. बिंदुमाधवरावांना आयुष्यात कुणी "काय बोललात" असं कौतुकाने म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी रस्त्यातल्या कुत्र्यालासुद्धा वाट दिली.

आता इथंच एक गोष्ट सांगून ठेवतो, जी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हती. पुण्यात तुंबतं ते गटार. मोरी तुंबते, नळी तुंबते, म्हणजे आत काहीतरी अडकतं आणि पाणी अडतं. बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरांत मात्र कानडी शेजारणींच्या "तुंबिदे"चा शेजार तीनशे वर्षं लागलेला. तिथं तळं तुंबलं म्हणजे काठोकाठ भरलं. शुभ झालं, साखर वाटा. बिंदुमाधवराव म्हणत होते की तळं भरलं की आनंदाची घंटा होते. श्रीरंग ऐकत होता की तळ्याचं तोंड चोंदलं की धोक्याची घंटा होते. आणि दोघांचं एकमेकांशी शंभर टक्के पटत होतं.

हे वर्षभर चाललं.

श्रीरंगकडे व्हीसीआर होता. तो नभगढचे भाग टेप करून ठेवायचा आणि दुपारी तिघं मारतहळ्ळीच्या त्या खोलीत गाद्यांवर बसून चित्र थांबवून थांबवून बघायचे. थांबवलं की चित्रावर पांढरे पट्टे यायचे आणि नेमकं हवं ते पट्ट्याखाली जायचं. एका भागात घंटा वाजल्यावर गावातली माणसं घराबाहेर पडतात, असं दृश्य होतं. त्यांच्या हातात सपाट असं काहीतरी होतं, ना धड गोल ना धड चौकोनी.

"घमेली," श्रीरंग म्हणाला. "गाळ उपसायला निघालेत."

बिंदुमाधवरावांनी डोळे बारीक केले. "सुपं दिसतात रे. पण हसतायत बघ कसे."

"तेच तर! तुंबलं तरी हसतायत. आपल्याकडे तुंबलं की शिव्या घालतात, काका. याला म्हणतात नागरिक!"

"आमच्याकडंही असंच होतं की पूर्वी. तळं तुंबलं म्हणून कळलं की माझी आई नवी साडी नेसून, सूप घेऊन निघायची. गल्लीतल्या सगळ्या बायका."

श्रीरंगच्या डोळ्यांपुढे नव्या साडीत सुपाने गाळ उपसणारी माउली उभी राहिली. त्याने आदराने मान हलवली. "ग्रेट होती हो ती पिढी."

"होतीच की," बिंदुमाधवराव म्हणाले. सुचेताने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि टेप पुढे नेली.

भाद्रपद जवळ आला तसा श्रीरंगच्या डोक्यात किडा वळवळला. दर वर्षी मंडळाच्या गणपतीपुढे देखावा असतो. या वर्षी नभगढ करायचं. नुसतं पुठ्ठ्याचं नाही. खाली टब, त्यात कूलरचा पंप, सुळक्याच्या पोटातून रबरी नळी, वर तळं. तळ्यात पाणी चढणार, घंटा वाजणार, कारंजी उडणार. आणि हे सगळं समजावून सांगणारं निवेदन.

"निवेदन काका करतील," श्रीरंग चिटणिसांना म्हणाला. "सिद्धान्त त्यांचा आहे."

मंडळाचे चिटणीस रघुजीराव हेही मूळचे जुनेच, पण नव्यांसमोर ते पुणेरी बोलायला बघायचे, म्हणजे प्रत्येक वाक्यात एकदा तरी "अर्थातच" टाकायचे. ते बिंदुमाधवरावांकडे वळले. "तू? माइकवर? आणि परत सगळे उठून गेले म्हणजे?"

"नाही जाणार," बिंदुमाधवराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच नवा वाटला.

"रंगीत तालीम बघतो. ती नीट झाली तर माइक तुझा. अर्थातच."

घरी आरशापुढे सराव सुरू झाला. "उपस्थित रसिकहो," बिंदुमाधवराव आरशाला म्हणायचे, आणि मग स्वल्प काढायचे, सरी काढायचे, ऊट तर कुलूप लावून ठेवलं होतं. कस्तुरीबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या.

"कोण हो हे रसिक?"

"जमलेली माणसं, गं."

"मला कधी असं बोलावलं नाहीत. पंचवीस वर्षं मी पण जमलेलीच आहे की इथं."

पण हसता हसता कस्तुरीबाईंनी त्यांचा ठेवणीतला सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला. नवऱ्याला काय हवंय, ते त्यांना कळलेलं होतं.

तालीम गौरीच्या आदल्या संध्याकाळी झाली. इकडं गौर गणपतीच्या एक दिवस आधीच येते. थर्माकोलचं नभगढ खरंच छान उभं राहिलं होतं. सुचेताने खिडक्याखिडक्यांत पिवळा जिलेटिन कागद लावला होता. वरचं तळं म्हणजे थर्माकोलचा खळगा आणि आत प्लास्टिक. बिंदुमाधवराव स्टुलावर चढून तळ्याकडे लक्ष ठेवून होते, श्रीरंग खाली पंपाशी आणि रघुजीराव समोर सतरंजीवर मांडी घालून, परीक्षकाच्या मुद्रेने.

श्रीरंगने बटण दाबलं. पंप घुरघुरला. पाणी सुळक्याच्या पोटातून चढायला लागलं, वर आलं, तळ्यात पडलं. इंचाइंचाने वाढलं. काठाला लागलं. वर्षभर जे नुसतं तोंडाने बोललं, ते बिंदुमाधवरावांच्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यांना राहवलं नाही.

"तुंबलं!" ते ओरडले. "तुंबलं हो तुंबलं!"

श्रीरंगने एका हाताने पंपाची पिन ओढली, दुसऱ्या हाताने कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीची काडी उपसली, खुर्चीवर चढला आणि तळ्याच्या तळाशी, जिथं नळीचं तोंड होतं, तिथं ती खुपसून गदागदा हलवली.

"अरे! अरे काय करतोस!"

"काढतो, काढतो! काय अडकलंय?"

प्लास्टिक फाटलं. तळं नभगढावरून उतरलं. बागा गेल्या, चौक गेला, राजवाडा आधी वाकला आणि मग कारंज्यासकट तरंगत खाली आला तो रघुजीरावांच्या मांडीवर.

"तुम्हीच म्हणालात ना तुंबलं!" श्रीरंग ओरडला.

"तुंबलंच होतं की! छान तुंबलं होतं! तू भोक पाडलंस!"

"छान? तुंबलेलं छान कसं असेल?"

सुचेताच्या हातात घंटा तशीच राहिली होती. ती हळूच म्हणाली, "काका, एक मिनिट. तुंबलं म्हणजे काय हो, तुमच्यात?"

"म्हणजे काय म्हणजे? तुंबलं. काठोकाठ. तुम्ही तुडुंब म्हणता की नाही? मग तुंबलं का नाही?"

आधी सुचेता हसली. मग मदतीला आलेले चारदोन नवे हसले. मग एकाने दुसऱ्याला समजावून सांगितलं आणि ते पुन्हा हसले. बिंदुमाधवराव स्टुलावरच उभे होते. उतरावं की नाही, त्यांना कळेना. श्रीरंग मात्र हसला नाही. तो त्यांच्याकडे बघत होता.

"म्हणजे वर्षभर तुम्हाला माझं पटतच नव्हतं?"

"मला? तुलाच माझं पटत नव्हतं की!"

रघुजीरावांनी मांडीवरचा राजवाडा बाजूला ठेवला. "निवेदन श्रीरंग करेल," ते म्हणाले. "बिंदुमाधव, तू पंप बघ. टेबलाखाली बसून." त्या दिवशी त्यांच्या वाक्यात "अर्थातच" नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौर होती. दुपारी श्रीरंग बसवनगुडीला आला. निवेदन लिहायला बसला होता आणि दोन ओळींपुढे जात नव्हता. ज्याचा सिद्धान्त त्याच्याशी भांडून सिद्धान्त कसा सांगायचा? दार कस्तुरीबाईंनी उघडलं. नवी साडी, हातात दोन सुपं, एकावर एक उपडं झाकलेलं, दोन्ही हळदीने रंगवलेली. आत बांगड्या, धान्य, नारळ, खण.

"हे काय, काकू?"

"बागिन. तुमच्यात वाण देतात ना, तसंच समज. आज गौरी, सवाशिणींना द्यायचं. पूर्वी तळ्यालाही द्यायचो. तळं तुंबलं की सासूबाई सूप घेऊन जायच्या, पाण्यात सोडायच्या."

"सोडायच्या? गाळ काढायच्या नाहीत?"

"गाळ?" कस्तुरीबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "पुण्यात सुपानं गाळ काढतात?"

श्रीरंगच्या मनातली ती नव्या साडीतली माउली वर्षभर गाळात उभी होती. ती आता बाहेर आली, पदर झटकला आणि सूप पाण्यावर सोडून घरी गेली. तो उंबऱ्यातच बसला. "काका आहेत?"

"आहेत की. मागं संपाचं झाकण काढून आत बघत बसलेत. कालपासून तेवढंच चाललंय."

त्याने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. थोड्या वेळाने संपातून आल्यासारखा घुमणारा आवाज आला, "नळी पंपाला घट्ट बसव म्हणावं त्याला."

मारतहळ्ळीला परत जाताना, बसच्या दांड्याला लोंबकळत, श्रीरंगने ठरवलं: उद्या काका जे बोलतील ते काकांच्या मराठीत ऐकायचं. एवढं तरी आपण करू शकतो. आणि इकडे संपाचं झाकण लावता लावता बिंदुमाधवरावांनी ठरवलं: उद्या त्या पोराशी बोलायचं ते त्याच्या मराठीत. पुन्हा घोळ नको.

दोघंही सज्जन होते. घोळ व्हायला आणखी काय लागतं?

चतुर्थीच्या संध्याकाळी हॉल भरला. पुढे जुन्यांच्या बायका, मागे नवे, मध्ये दोन्हींची पोरं. रात्र जागून जोडलेलं नभगढ गणपतीच्या मागे उभं होतं, ठिगळं लावलेलं पण ताठ. आरती झाली, दिवे मालवले, खिडक्यांतला पिवळा उजेड तेवढा राहिला. टेबलाला लावलेल्या झालरीच्या आत बिंदुमाधवराव ठेवणीतला सदरा घालून गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. सदरा का घातला, हे कस्तुरीबाईंनी विचारलं नव्हतं.

"उपस्थित रसिकहो," श्रीरंगने सुरुवात केली. आत बिंदुमाधवरावांचे ओठ त्याच्याबरोबर हलले. त्यांनी पंप लावला.

पाणी चढलं. निम्म्यापर्यंत आलं असेल. पण आदल्या रात्री कापाकापी केलेल्या थर्माकोलचे मणी टबात पडलेले होते, आणि ते एकेक करत नळीत शिरले. पंपाचा आवाज बदलला. नळी फुगायला लागली. बिंदुमाधवरावांनी ओळखलं. काय म्हणायचं, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. आपल्या घरात ते अशा वेळी "अडकलं" म्हणाले असते. पण ते श्रीरंगच्या मराठीत, झालरीतून तोंड काढून, स्पष्ट म्हणाले,

"श्रीरंग, तुंबलं."

श्रीरंगचा चेहरा उजळला. त्याने सुचेताला खूण केली आणि माइकवर आवाज चढवला, "आणि रसिकहो, ऐका! नभगढचं तळं तुंबलं!"

घंटा घणघणली. पुढच्या रांगेतल्या जुन्या बायकांनी आपसूक हात जोडले. एकीने तर पदर सावरून कुंकवाची डबी चाचपली. मागच्या रांगांत नव्यांचा हशा फुटला, कारण वर तळ्यात वाटीभर पाणी होतं आणि तेही उतरत होतं.

"अरे तुंबलं रे!" टेबलाखालून आवाज आला. "तुझं तुंबलं!"

"हो काका! तुमचंच तुंबलं!" श्रीरंग आनंदाने ओरडला.

तेवढ्यात घट्ट बसवलेली नळी पंपावरून सुटली. झालर फुगली, आतून फवारा उडाल्याचा आवाज झाला, आणि बिंदुमाधवराव बाहेर आले. सदरा अंगाला चिकटलेला, केसांत थर्माकोलचे मणी. एका हातात पंपाची पिन होती. ती त्यांनी वेळेवर ओढली होती. रघुजीराव पुढे यायला उठले, पण श्रीरंग त्यांच्या आधी पुढे झाला आणि त्याने माइक काकांच्या ओल्या हातात दिला.

"नेमकं कुठलं तुंबलं, ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मला नाही जमत."

बिंदुमाधवरावांनी माइककडे बघितलं. "उपस्थित" एवढंच आठवलं, पुढचं पाण्याबरोबर वाहून गेलं होतं.

"नमस्कार," ते म्हणाले. "स्वल्प भिजलोय. सांगायचं काय, तर नळी जी आहे, ती तुमच्या मराठीत तुंबली. म्हणून तळं आमच्या मराठीत तुंबलं नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. हशाही होता, पण तो तालमीत स्टुलावर उभं असताना ऐकलेला हशा नव्हता. हा पुढचं ऐकायला थांबत होता. आणि बिंदुमाधवरावांनी पुढचं सांगितलं. सुळका, कारंजी, सुपं, आईची नवी साडी, तळ्याला दिलेलं बागिन, घंटेचा अर्थ. मध्येच श्रीरंग म्हणाला, "पण ती घमेली असू शकतात," तर ते माइकमधून म्हणाले, "गप रे, छत्रीवाल्या." एवढं सगळं सांगून झाल्यावरही नभगढच्या तळ्यात पाणी कोण घालतं, ते काही त्यांना सांगता आलं नाही. शेवटी त्यांनी हात जोडले. रघुजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"सगळ्यांनी ऊट करूनच जावा," बिंदुमाधवराव म्हणाले.

कुणी उठलं नाही. वाढपी यायची वाट बघत सगळे बसून राहिले.

नभगढ पुढे पाचसहा महिन्यांत बंद झालं. शेवटच्या भागात चेटकीण सापडली, राजपुत्राने तिला माफ केलं, सुसर म्हणे एका राजकन्येने दत्तक घेतली. पाण्याचा उल्लेख नाही. श्रीरंग अजून दोन बस बदलून येतो, आणि पट्ट्यांखाली सूप आहे की घमेलं, यावर तिघं अजून भांडतात. सुचेता शाळेवर ठाम आहे. मंडळात मात्र एक रीत पडली आहे, मोरी, हॉल, नाहीतर पातेलं, काहीही तुंबलं म्हणून कुणी सांगत आलं, की समोरचा आधी विचारतो, "बसवनगुडीचं की मारतहळ्ळीचं?" माइक आता जुन्यांनाही मिळतो. वायर गुंडाळायला मात्र बिंदुमाधवरावांना मिळेनाशी झाली आहे. ते काम नव्यातल्या एकाला दिलंय.

परवा रविवारी ते श्रीरंगचा व्हीसीआर आणून टेप केलेलं नभगढ लावून बसले होते. मागच्या दारातून कस्तुरीबाईंनी हाक मारली,

"अहो, संप तुंबलाय!"

बिंदुमाधवरावांनी सुसरीमागून मान काढली. "कुठल्या मराठीत?"

"झाकण काढून बघा की. मग कळेल."

ते उठले.